खुंटीवरचा तवा

१

सोलकढीचा पेला फरशीवर आदळला तेव्हा मी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. काशिरामच्या खानावळीत दिवसाला चार पेले पडतात, आणि बुधवारी दुपारी माझ्या ताटात चिकनचा रस्सा असतो. मान वर केली ती एका विचित्र आवाजाने. शेजारच्या टेबलावरची मुलगी उभी राहून श्वास ओढत होती, आणि आत जाणारा प्रत्येक श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ओठ सुजलेले, मानेवर लाल चट्टे, डोळ्यांत नुसती भीती.

मी पद्मजा. चौतीस वर्षं नर्स म्हणून राबले, रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी सगळं पनवेल मला सिस्टर म्हणतं. सगळं म्हणजे निदान उरण नाक्याच्या आसपासचं. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा, म्हणून दुपारचं जेवण काशिरामकडे. असो. मी हात तसाच खरकटा ठेवून उठले आणि तिला धरलं. “कोलंबी,” एवढंच ती पुटपुटली. “कोलंबी चालत नाही मला.”

पुढचं मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी रिक्षा थांबवली, तिला दोन गल्ल्या पलीकडच्या हॉस्पिटलात नेलं, आणि दारातूनच ओरडले की अ‍ॅलर्जी आहे, घसा सुजतोय, इंजेक्शन भरा. मांडीत इंजेक्शन गेलं. वीस मिनिटांनी ती शिट्टी थांबली. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर कठीण होतं. रात्रभर तिला तिथेच ठेवणार होते.

रिक्षात बसण्याआधी मी एक गोष्ट केली होती. वाढणाऱ्या किशोरीला बजावलं होतं की ह्या ताटाला हात लावायचा नाही. तासाभराने परत आले तर ताट तसंच, वर पातेल्याचं झाकण ठेवलेलं. खानावळ रिकामी झाली होती. काशिराम गल्ल्यामागे डोकं धरून बसला होता आणि किशोरी कोपऱ्यात उभी राहून रडत होती.

मी झाकण उचललं. तांदळाची भाकरी अख्खी. वालाच्या बिरड्याची वाटी काठोकाठ भरलेली, तिला चमचासुद्धा लागला नव्हता. चिकनची वाटी अजून आलीच नव्हती. वांग्याचे चार काप वाढले होते, त्यातला एक संपला होता आणि दुसरा अर्धा.

बिरडं मी चमच्याने तळापर्यंत ढवळलं. त्यात सोड्यांचा एक तुकडासुद्धा नव्हता. सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी, आणि बुधवारी इथे बिरडं सोडे घालूनच होतं. माझ्याच वाटीत पाच-सहा होते. मग ह्या ताटात कोलंबी आली कुठून?

२

त्या मुलीचं नाव प्रांजल. तळोज्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करते. सहा-सात महिने ती इथे जेवायला येत होती आणि दर वेळी बसल्या बसल्या तेच सांगायची: कोलंबी नको, सोडे नको, जवळा नको, त्यातलं काहीही नको, मला अ‍ॅलर्जी आहे. त्या दिवशी तर तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी किशोरी जरा वैतागून म्हणाली होती, “ताई, ऐकलं मी.” हे सगळ्या खानावळीने ऐकलं होतं.

मीही ऐकलं होतं. आणि आता लपवत नाही, माझ्या मनात आलं होतं की काय ह्या आजकालच्या पोरींचे नखरे. चौतीस वर्षं नर्स होते मी. इंजेक्शन देताना प्रत्येक पेशंटला आधी विचारायचे, कशाची अ‍ॅलर्जी आहे का. आणि ताट समोर आल्यावर तेच वाक्य मला नखरा वाटलं. त्या दुपारी मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी प्रांजलचा भाऊ भावेश आला. आरडाओरडा करणारा नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. त्याने काशिरामला शांतपणे सांगितलं की उद्या पाच वाजता मी येतो. चूक कोणाची, ते नावानिशी लेखी हवं. नाही दिलंत तर खानावळीवर तक्रार करीन, मग टाळं लागलं तरी चालेल.

काशिराम माणूस वाईट नाही. खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातला, बापाने मीठ काढलं, ह्याने खानावळ काढली. पण घाबरलेला माणूस सगळ्यात जवळचा हात पिरगाळतो. स्वयंपाकघरातून त्याची थोरली बहीण गुणाबाई बाहेर आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, “मना कुनी काय सांगला नाय. किशोरी बोललीच नाय मना.” झालं. काशिरामने किशोरीला सांगून टाकलं की उद्या कागदावर तुझं नाव जाईल आणि परवापासून तू येऊ नकोस.

किशोरी नऊ वर्षं तिथे वाढते आहे. तिच्या हातून एक पापड कधी इकडचा तिकडे गेला नाही. मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि नीट विचारलं. ती म्हणाली की नेहमीसारखं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, एक सरांचं शाकाहारी आणि एक बिनकोलंबीचं, त्या ताईंना चालत नाही. आत मिक्सर चालू होता. गुणाआक्काने मान डोलावलेली दिसली. बाकी कोणी ऐकलं नाही, कागदावर काही नाही.

“सिस्टर, त्या पोरीच्या प्रकरणात माझं नाव लागलं तर पनवेलमध्ये मला कोण ताट वाढू देईल?” किशोरी म्हणाली. मी म्हटलं, पाच वाजेपर्यंत वेळ आहे. बोलून गेले खरी, पण माझ्या हातात त्या क्षणी न चाखलेल्या बिरड्याशिवाय काही नव्हतं.

३

गुरुवारी सकाळी आठला मी हॉस्पिटलात हजर. प्रांजल उशीला टेकून बसली होती. सूज उतरली होती, आवाज अजून घोगरा होता. मी तिला म्हटलं, काल काय काय आणि कोणत्या क्रमाने तोंडात घातलंस ते सांग, अगदी पाण्याच्या घोटासकट.

आधी पाणी, स्वतःच्या बाटलीतलं. मग सोलकढीचा एक घोट. मग वांग्याचा काप, कारण चिकन यायचं होतं आणि गरम काप तिला आवडतात. दुसऱ्या कापाला जीभ चुरचुरली, तिला वाटलं तिखट असेल. मग घसा. बिरडं आणि भाकरी राहूनच गेली.

सोलकढी मी काल तिच्याआधी पेलाभर प्यायले होते. नारळ, कोकम, लसूण; ती सकाळीच करून माठात भरतात आणि चूलसुद्धा लागत नाही. राहिले काप. पण वांग्याच्या कापात असतं काय? वांगं, तांदळाचं पीठ, मसाला, तेल. मसाला घरचा, आणि तोच ती सहा महिने खात होती.

“मग काल वेगळं काय केलंस?” मी विचारलं. तर ती हसली. म्हणे चिकन मागवलं, एरवी मिळतच नाही ना. तिची सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवारी काशिरामकडे सगळं शाकाहारी. ह्या आठवड्यात शिफ्ट बदलली आणि सुट्टी बुधवारी आली, म्हणून पहिल्यांदाच बुधवारी गेली होती. जाताना आईला फोनवर सांगून गेली होती की आज अखेर चिकन.

जेवायला बसली की ती ताटाचा फोटो काढून गावी आईला पाठवते. बाहेर जेवतेय, नीट आहे, काळजी करू नको, एवढ्यासाठी. मी म्हटलं, दाखव. फोनवर एकामागून एक ताटं सरकली. सगळ्यात तोच कोपऱ्यातला टेबल, भिंतीवर दत्ताचा फोटो, त्याला झेंडूचा टवटवीत हार. कालच्या फोटोत मात्र हार वाळून काळपट पडला होता.

कालचा फोटो मी मोठा करून पाहिला. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. तिच्या ताटातले काप काळसर, कडेला करपलेल्या पिठाचे कण. फोटोच्या कडेला पलीकडच्या टेबलावरचं ताट अर्धं आलं होतं. तिथे कॉलेजातले सत्यजीत सर जेवत होते, शुद्ध शाकाहारी माणूस, कांद्यापर्यंतच मजल. त्यांच्या ताटातही वांग्याचे काप होते. ते स्वच्छ सोनेरी होते.

एकाच खानावळीत, एकाच दुपारी, दोन रंगांचे काप. मी प्रांजलला म्हटलं, हा फोटो मला पाठव आणि पाच वाजता डॉक्टर सोडतील तर भावाबरोबर तिकडे ये. तिने चादर घट्ट धरली.

“मी परत तिथे पाऊल ठेवणार नाही, सिस्टर.”

४

खानावळीत पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. काशिरामने रात्रभर विचार करून नवा संशयित शोधून काढला होता: आनंदा. आनंदा उरणच्या बाजूचा कोळी, दर बुधवारी सुकट आणि सोड्यांची पोती आणून टाकतो. काशिरामचं म्हणणं, त्याने पोतं उघडलं असणार, भुकटी उडाली असणार, ताटात पडली असणार. म्हणजे कागदावर किशोरीच्या जोडीला आनंदाचंही नाव घालता येईल.

मागच्या पडवीत जाऊन पोतं बघितलं. तोंड सुतळीने शिवलेलं, एक टाकासुद्धा उसवला नव्हता. आनंदा फोनवर खवळला. तो म्हणाला की मी पोतं पडवीतच ठेवतो, आत पाऊल टाकत नाही, आणि काल मी आलो तेव्हा तुमी सगळे रिक्षेच्या मागं धावत होता. किशोरीनेही तेच सांगितलं. आनंदा सुटला.

मग मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले. आत जायची परवानगी कोणालाच नाही. गुणाबाई साठीच्या, अंगाने काटक, आणि त्यांच्या पातेल्याला दुसऱ्याचा हात लागत नाही. ताट त्या स्वतः भरतात आणि खिडकीतून पुढे सरकवतात. वाढणाऱ्याने ते फक्त न्यायचं. किशोरीने नऊ वर्षांत त्या चुलीला हात लावलेला नाही.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. काम मात्र सुरू होतं, आणि ते काम मी आजवर कधी पाहिलं नव्हतं, कारण गुरुवारी सकाळी मी तिथे कशाला जाते? ओटा गरम पाण्याने दोनदा धुतला. कालचे तवे, कढई, झारे सगळे मागच्या मोरीत गेले. तेलाचा कालचा डबा झाकून पडवीत ठेवला. मग त्यांनी वरच्या फळीवरून वेगळे टोप काढले, वेगळ्या पळ्या काढल्या, तेलाची नवी पिशवी फोडली. शेवटी भिंतीच्या खुंटीवरून एक तवा उतरवला. त्याच्या दांड्याला पिवळा दोरा बांधलेला होता.

मी विचारलं, हा कोणता तवा? तर काशिरामच मागून अभिमानाने बोलला. हा गुरुवारचा. बापाच्या काळापासून त्यांच्या घरात दत्ताचा वार पाळतात. मासळीच्या तव्यावर भाजलेलं त्या दिवशी पोटात जाता कामा नये. तेल वेगळं, झारा वेगळा, हातसुद्धा धुऊन मगच पीठ मळायचं. एकदा चुकून बुधवारच्या झाऱ्याने भजी काढली गेली तर सगळा घाणा फेकून दिला होता, म्हणाला.

“आणि हा तवा गुरुवारशिवाय कधी खाली येतो?” मी विचारलं.

“येतो की. सत्यजीत सर आले तर,” काशिराम म्हणाला. “शाकाहारी माणसाला आमी मासळीच्या तव्यावरचं देत नाय. पाप लागंल.”

वांगं कापणारी गुणाबाईंची सुरी थांबली. फक्त क्षणभर. मग सुरी पुन्हा चालू झाली, पण कापांची जाडी बिघडली. इतकी वर्षं त्यांच्या हातचे काप खाल्लेत मी, सगळे एका जाडीचे असतात.

मला कळलं होतं. पाच वाजायला अजून सात तास होते, आणि मला त्या म्हातारीची दया यायला लागली होती.

५

पाचला भावेश आला. मागे प्रांजल, दाराची चौकट धरून उभी. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. काशिरामसमोर कागद तयार होता, किशोरीचं नाव घातलेला, सही तेवढी बाकी. किशोरी भिंतीला टेकून उभी होती आणि गुणाबाई खिडकीच्या आत.

मी म्हटलं, सही करायच्या आधी माझं ऐका. सिस्टरचं न ऐकायची इथे कोणाची छाती नाही.

“पहिली गोष्ट. किशोरीने निरोप दिला की नाही? दिला. काल सत्यजीत सर सोडले तर प्रत्येकाच्या वाटीत सोड्यांचं बिरडं होतं. माझ्याही. छोट्या टोपातलं बिनसोड्याचं फक्त शाकाहारी माणसासाठी असतं. प्रांजलने चिकन मागवलं होतं, म्हणजे तिला शाकाहारी कोणी समजणं शक्य नाही. तरी तिच्या वाटीत सोडे नव्हते, मी तळापर्यंत बघितलंय. आणि वाट्या गुणाबाई स्वतः भरतात. कोणी काही सांगितलंच नसतं, तर त्यांनी छोट्या टोपात पळी का घातली?”

 किशोरीने तोंडावर पदर घेतला. काशिराम खिडकीकडे बघायला लागला.

मग मी फोन पुढे केला आणि दोन ताटं दाखवली. पलीकडचे काप सोनेरी, ते सरांचे, पिवळ्या दोऱ्याच्या तव्यावरचे. अलीकडचे काळसर, कडेला करपलेलं पीठ. काल दुपारी मोठ्या तव्यावर तळलेली कोलंबी निघत होती, अर्ध्या खानावळीने खाल्ली. त्याच तव्यावर, त्याच तेलात प्रांजलचे काप पडले. कोलंबीतला जो अंश तिला मारतो तो तळून जळत नाही, तेलात उतरतो. डोळ्यांना दिसायची गरजच नसते.

“पण इतके महिने तर...” भावेश म्हणाला.

“इतके महिने ती गुरुवारी येत होती,” मी म्हटलं. “तिच्या फोनमधले आधीचे फोटो बघ. प्रत्येक फोटोत दत्ताला ताजा हार आहे. हार इथे गुरुवारी बदलतात. ती दर वेळी घसा फोडून सांगायची आणि इथे कोणाला काही करावंच लागत नव्हतं, कारण त्या दिवशी घरात कोलंबीचा वाससुद्धा नसतो. तिला वाटत होतं हे लोक माझी काळजी घेतात. हे लोक गुरुवारची काळजी घेत होते.”

काशिराम म्हणाला की आक्का असं करणार नाही, सरांसाठी तवा उतरवला तर हिच्यासाठी उतरवायला काय झालं होतं? तोच तर प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला देता येत नव्हतं. मी खिडकीकडे वळले.

गुणाबाई बाहेर आल्या. पदर कमरेला खोचलेला, हात पिठाचे. त्या प्रांजलकडे न बघता बोलल्या.

“ती कोंबडी खाते ना, सिस्टर. सर कदी मासळी शिवत नाय, त्यांचा धरम हाय, म्हनून तवा येगला. ही तर कोंबडी खानारी पोर. मी सोडे काढले, कोलंबी काढली. मना वाटला झाला. तव्याचा तिला काय? मना खरंच तसा वाटला.”

“आणि मला सांगितलं नाही म्हणालात ते?” किशोरीने विचारलं. आवाज चढला नव्हता तिचा.

गुणाबाईंचे डोळे भरले. म्हणाल्या की पोरगी घुसमटताना बघितली आणि घाबरले. आपण तर सगळं नीट केलं, मग आपल्या हातून कसं होईल? आणि झालं असेल तर ह्या वयात ह्या हाताला कोण काय म्हणेल? तोंडातून खोटं निघालं, मग परत घेता आलं नाही. रात्रभर झोप नव्हती. किशोरीसमोर त्यांनी दोन्ही हात जोडले, पिठासकट. किशोरीने ते धरून खाली केले.

मला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. त्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याच्या देवासाठी, दुसऱ्याच्या व्रतासाठी तवे बदलले होते. शरीरासाठीही तवा बदलावा लागतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि जी सांगत होती तिचं ऐकून आम्ही सगळे मनात हसत होतो. हे मी तिथे मोठ्याने बोलले, स्वतःचं नाव घेऊन बोलले.

भावेशने कागद उचलला. आता त्यावर कोणाचं नाव घालायचं, असं त्याने विचारलं. गुणाबाई म्हणाल्या, माजा घाल. काशिराम म्हणाला, खानावळ माझी, माझं घाल. तेव्हा दारातून प्रांजल पहिल्यांदा बोलली.

“दादा, मला नाव नको कोणाचं. लहानपणापासून प्रत्येक लग्नात मी घरचा डबा नेते. मैत्रिणी हॉटेलात जातात तेव्हा मी लिंबूपाणी पिते. ही एकच जागा होती जिथे मी सगळ्यांसारखी बसून जेवत होते. मला ती जागा परत हवी होती, बाकी काही नको होतं.”

होती, असं म्हणाली ती. आणि वळून रिक्षात जाऊन बसली.

६

कागद काशिरामने फाडला. किशोरी दुसऱ्या दिवशी कामावर आली आणि गुणाबाईंनी सगळ्यांच्या आधी तिला चहा दिला, जो त्या एरवी भावालाही देत नाहीत.

मग मी त्या दोघा भावंडांना आठवडाभर छळलं. हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंना घेऊन आले. शेंगदाणा, दूध, गहू, अंडं, कोणाला काय होऊ शकतं, सगळं समजावलं. काशिराम कुरकुरला की एवढं करत बसलो तर जेवण कधी वाढणार? मी म्हटलं, गुरुवारी वाढता ना? बापाच्या काळापासून करताय, तुम्हाला नवीन काय शिकवायचंय?  किशोरीने मात्र स्वतःहून एक गोष्ट सुरू केली. माणूस बसला की पाणी ठेवायच्या आधी विचारायचं, काही चालत नाही असं आहे का? आणि कोणी सांगितलं की तेच शब्द त्याच्यासमोर परत म्हणून दाखवायचे, म्हणजे त्याला कळतं की ऐकलं गेलंय. आतून नीट उत्तर आलं नाही तर ताट उचलायचं नाही, हा हक्क तिने मागून घेतला.

विचारायला लागल्यावर काय काय बाहेर आलं बघा. पळस्प्याहून येणाऱ्या एका ड्रायव्हरला शेंगदाण्याने सूज येते, तो चार वर्षं चटणी गुपचूप बाजूला ढकलत होता. एका आजींना दूध चालत नव्हतं. आमच्या टेबलावरची माणसं होती ही, रोजची. कोणी बोलत नव्हतं, कारण बोललं की वाढणारे तोंड वाकडं करतात.

प्रांजल आली नाही. मी तिला फोन करायचे, ती चांगली आहे म्हणायची, शिफ्टचं काहीतरी सांगायची. गुणाबाई रोज विचारायच्या, ती पोर? मी मान हलवायचे. सात आठवडे गेले.

आठव्या आठवड्यात, बुधवारी, मी रस्सा भाकरीला लावत होते तेव्हा दारात सावली पडली. प्रांजल. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. म्हणाली की शिफ्ट बदललीय, आता सुट्टी बुधवारीच असते. मी फक्त सिस्टरबरोबर बसते, जेवण आणलंय माझं. आणि नेहमीच्या कोपऱ्यात बसली, दत्ताच्या फोटोखाली. हार सहा दिवसांचा, वाळलेला.

किशोरी गेली आणि विचारलं, जसं सगळ्यांना विचारते तसं. प्रांजलने सांगितलं, हळू आवाजात, एकदाच. किशोरीने शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला. मग खिडकीतून आत सांगितलं, आणि आतला मिक्सर बंद झाला.

बुधवार होता. मोठ्या तव्यावर कोलंबी चरचरत होती, सगळी टेबलं भरलेली. गुणाबाईंनी मोठी शेगडी बंद केली. कोलंबीचा तवा तसाच उचलून मागे मोरीत नेला. ओटा धुतला, हात कोपरापर्यंत धुतले, लुगड्यावर धुतलेला पंचा बांधला. नव्या तेलाची पिशवी फोडली. लोक खोळंबले होते, एकाने विचारलंही की कोलंबीचं काय झालं. काशिराम गल्ल्यावरून म्हणाला, थांबा जरा, आधी ह्या ताईंचं.

गुणाबाईंनी खुंटीवरून पिवळ्या दोऱ्याचा तवा उतरवला.

काप सोनेरी निघाले. ताट त्यांनी खिडकीतून सरकवलं नाही. ते घेऊन त्या स्वतः बाहेर आल्या, इतक्या वर्षांत मी त्यांना ताट घेऊन बाहेर आलेलं पहिल्यांदाच पाहिलं, आणि प्रांजलसमोर ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. प्रांजलने ताटाकडे बघितलं. मी तिचा हात धरला नाही, खा असंही म्हटलं नाही. पिशवीतल्या डब्यावर तिचा हात होता.

“आज तर बुधवार आहे, आजी,” ती म्हणाली.

“तुमा लोकांचा आसंल,” गुणाबाई म्हणाल्या. “आमच्याकडं तू येशील तो गुरुवार.”

प्रांजलने आधी फोन काढून ताटाचा फोटो घेतला, आईला पाठवला, आणि मग एक काप उचलला.